आज किती मणी?

डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या बाईचं वय, माहेर आणि सासूचा स्वभाव, तिन्ही गोष्टी मी तिच्या हातावरून सांगत असे. वय आणि माहेर कधीमधी चुकायचं. सासू मात्र कधी चुकली नाही.

मी रहिमतपूरच्या पेठेतली कासारीण. माहेर सांगलीचं, तिथूनच माल यायचा. नवरा दुकानात गादीवर बसायचा आणि पाटी घेऊन वाड्यावस्त्यांवर मी हिंडायची, कारण त्याला चालायचा कंटाळा आणि मला गप्प बसायचा. लोक म्हणत, बिचारीला उन्हातान्हात हिंडवतो. मी लोकांना तसंच म्हणू दिलं. घरी आल्यावर आयता चहा मिळायचा.

बांगडी भरणं म्हणजे काय, हे पुरुषांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. काच ताणता येत नाही. हातच लहान करावा लागतो. अंगठ्याच्या बुडाचं मांस आत दाबायचं, करंगळीकडून पंजा गोळा करायचा आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. तिनं हात ढिला सोडला की बांगडी अलगद मनगटावर उतरते. डोक्यात काही घोळत असलं की हात ताठ राहतो, आणि मग बांगडी तरी तडकते नाहीतर कातडी तरी सोलते. म्हणून हा धंदा निम्मा बोटांचा, निम्मा तोंडाचा. त्यातलं तोंडाचं काम मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मापं म्हणाल तर नाजूक हाताला सव्वादोन, भरल्या हाताला अडीच आणि त्यापुढं पावणेतीन. पावणेतीनचं माप मी जन्मभर विकलं, पण ते माप असलेली एकही बाई मला भेटली नाही. साताऱ्यात फौजी कचेरीतल्या एका बड्या कारकुनाच्या, रावसाहेबांच्या पत्नी होत्या, त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत. हात चांगला गुबगुबीत, पण हट्ट सव्वादोनचा. मी अडीचच्या बांगड्या सव्वादोनच्या खोक्यात ठेवायची आणि दोघी खूश. हे खोटं मी दर संक्रांतीला बोलले आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

धंद्याचे दोन नियम मात्र मी कधी मोडले नव्हते. एक, सवाष्णीचा हात क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही. जुनी शेवटची बांगडी काढायच्या आधी नवी एक चढलीच पाहिजे. दुसरा, बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही. ‘वाढवली’ म्हणायचं. फोडायच्या त्या फक्त नवरा गेल्यावर. एकाच दिवशी पहिला माझ्या हातून मोडता मोडता राहिला आणि दुसरा मोडलाच, त्यातून जे रामायण झालं ते सांगायला बसले आहे.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रहिमतपूरपासून दोन कोसांवरच्या एका वाडीत हौसा नावाची अजून मूलबाळ नसलेली, विशीतली सून होती. घर खाऊनपिऊन सुखी, उसाची जमीन. नवरा शंकर फौजेत, बर्माच्या बाजूला. घरात ती आणि सासू बायजाक्का, दोघीच. बायजाक्काला वाडीतले कुत्रेदेखील वळसा घालून जात. ऐन तिशीत तिचा नवरा गेलेला, आणि तिच्या हातातल्या बांगड्या बायकांनी दगडानं फोडल्या त्याची खूण तिच्या डाव्या मनगटावर होती. ती खूण मी पाहिली होती, पण तिचा अर्थ मला पुढं कळला.

हौसाचा हात पहिल्यांदा धरला तेव्हा सरळ अडीचचा. पुढच्या खेपेला बोटांची पेरं कोंबडीच्या गुडघ्यासारखी वर आलेली. दाबलं की ती ओठ चावायची. सकाळी मूठ मिटत नाही म्हणाली, लाटणं धरवत नाही, दुपारी जरा सैल होतं. डॉक्टरांनी आमवात सांगितला. शेक, गोळ्या आणि “काळजी करू नका” एवढं औषध मिळालं. पण माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. शंकरचं पत्र आलेलं असलं की बांगड्या मनगटावर खुळखुळायच्या. पत्र लांबलं की त्याच बांगड्या मांसात रुतून गप्प व्हायच्या. मी तिच्या दाराशी पोचायच्या आधी, आवाजावरून ओळखायची, पोस्टमन येऊन गेलाय की नाही.

एकदा पत्र असं लांबलं की चार महिने झाले. हौसाची मनगटं सुजून हिरव्या बांगड्या कातडीत घुसल्या, बोटं निळसर पडली. डॉक्टर म्हणाले, आधी त्या काचा उतरवा, नाहीतर हात जायचा. सुजेमुळं बांगडी पंज्यावरून खाली येईना, म्हणजे फोडण्यावाचून गत्यंतर नाही. आणि नवी चढवायची तर तीही त्याच पंज्यावरून जायची, म्हणजे हात रिकामा राहणार. नवरा रणांगणावर आणि बायकोचा हात रिकामा!

बायजाक्कानं ऐकूनच घेतलं नाही. “या घरात काच येकदा फुटलीया,” ती म्हणाली. “पुन्यांदा न्हाई. हात गेला तर मी भरवीन तिला.”

“आवं आक्का, हातच गेला तर बांगड्या कशात घालायच्या?” मी म्हटलं. त्यावर तिनं मला घराबाहेर काढलं.

मी घरी येऊन विचार केला. दुकानात लढाईच्या आधीच्या मालातली हिरव्या काचेच्या मण्यांची एक थैली पडून होती. जपानी माल. म्हणजे शंकर ज्यांच्याशी लढायला गेला होता त्यांचाच. म्हटलं, मण्याला काय कळतंय. दोऱ्यात ओवून मनगटावर बांधले की पंज्यावरून चढवायचा प्रश्न मिटला. सूज वाढली तर मणी वाढवायचे, उतरली तर काढायचे. एवढी सोपी गोष्ट आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचली नव्हती, म्हणून मी वाटेनं स्वतःशीच हसत गेले.

बायजाक्का उसाच्या खुरपणीला गेलेली पाहून मी हौसाला ओट्यावर उजेडाला बसवलं. आधी दोन्ही मनगटांवर मण्यांच्या माळा बांधल्या. एकेकीत एकतीस मणी लागले. पहिला नियम पाळला. मग ओलं फडकं गुंडाळून अडकित्त्यानं एकेक बांगडी कटकन तोडली. तुकडे सुपात गोळा केले. बोटांत रक्त उतरलं तशा तिला अशा मुंग्या आल्या की ती पोर हुंदके देऊन रडायला लागली. दुखतंय म्हणून आणि सुटले म्हणूनही.

नेमका त्याच वेळी खाकीतला पोस्टमन वाटेनं चालला होता. त्याच्याकडं या घरचं काही नव्हतं. उन्हाचा ओट्याशी थांबला आणि म्हणाला, “मावशी, वाईच पानी द्या.”

आडावरून पाणी नेणाऱ्या शेजारणीनं काय पाहिलं? दाराशी खाकी, सुपात हिरव्या काचा आणि हौसा रडतेय. तिनं घागर तिथंच टाकली.

पाव घटकेत सगळी वाडी दारात. “आरं माज्या शंकऱ्या रंऽऽ” म्हणून पहिला हंबरडा एकीनं फोडला, बाकीच्यांनी उचलला. चुली विझल्या, औतं सुटली. चार म्हाताऱ्यांनी पोस्टमनला घेरलं. त्याच्या हातात अजून तांब्या होता.

“तार कुटं हाय?”

“कसली तार? म्या पानी प्यायला थांबलोय.”

“दडवतोय बगा,” एक म्हातारा बाकीच्यांना म्हणाला. “मनानं लय चांगला हाय गडी.”

मी हसत होते हो. खरंच, पहिला क्षणभर मला हसू आवरेना. मग हौसाकडं पाहिलं. तिचं रडणं थांबलं होतं. एवढ्या बाया रडताहेत म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी त्यांना ठाऊक आहे, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. आणि तेवढ्यात खुरपं हातात घेऊन बायजाक्का आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. सुपातल्या काचा पाहिल्या आणि आपलं डावं मनगट उजव्या हातानं गच्च धरून खाली बसली.

मी ओट्याच्या कडेला उभी राहिले आणि ओरडले, “अगं बायांनो, गप्प बसा! मी फोडल्या! मी! हात सुजला म्हणून फोडल्या!”

कासारणीच्या तोंडून ‘फोडल्या’! दुसरा नियम असा गेला. पण रडं थांबलं. बायजाक्का उठली, हौसाचं मनगट धरून मण्यांकडं बघितलं.

“ह्ये काय?”

“काच आहे, आक्का. हिरवी आहे. गोल आहे. आणि हात रिकामा झाला नाही, आधी ही बांधली, मग ती काढली. देवाशपथ.”

“कुटलं मणी?”

“मिरजेचे,” मी म्हटलं. देवाची शपथ मागच्या वाक्याला होती, याला नव्हे.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं तर मी हा किस्सा हळदीकुंकवात सांगून टाळ्या घेतल्या असत्या. पण हौसाच्या मनात जे शिरलं ते निघेना. “मावशी, बाया उगा रडत्यात व्हय? कायतरी असंल,” असं ती मला दर खेपेला विचारायची. आठवड्याभरात सूज गुडघ्यांत उतरली, घोट्यांत उतरली. जबडा धरला, भाकरी चावेना, दुधात कुस्करून द्यावी लागे. ताप राहू लागला. एकतीसचे पस्तीस मणी झाले, मग एकोणचाळीस. बायजाक्का तिला उचलून परसात न्यायची. म्हातारी माझ्याशी भांडतही नव्हती, त्याचीच मला भीती वाटू लागली.

आणि तेव्हा मी एक गोष्ट बोलले, तिची मला आजही लाज वाटते. ताईसाहेबांशी बोललेल्या खोट्याची नाही वाटत, पण या खऱ्या सल्ल्याची वाटते. मी म्हटलं, “हौसा, मन घट्ट कर गं. सगळं मनावर असतं.”

तिनं हात पुढं केला. “मावशी, दाबून बगा. ह्यी सूज मनात हाय व्हय?”

माझी नात हल्ली डॉक्टर झाली आहे. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजी, असल्या दुखण्यात अंगातला रखवालदारच चुकतो, आणि चोर सोडून घरच्याच माणसांना काठ्या हाणतो. काळजीनं रखवालदार मुळात बिघडत नाही, पण काळजी पडली की तो जास्त पिसाळू शकतो. म्हटलं, एवढंच ना? मग एखाद्याला “काळजी करू नकोस” म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक काळजी ठेवणं झालं. दुखणं तर आहेच, वर ते आपल्याच चुकीनं वाढतंय ही बोच. नात म्हणाली, आजी, तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. मी म्हटलं, मग बांगड्या कुणी भरल्या असत्या?

तर सांगत काय होते, तिचा आमवात घालवणं माझ्या हातात नव्हतं. पण शंकर आहे की नाही एवढं विचारणं तर होतं. वाडीतून साताऱ्याच्या फौजी कचेरीला अर्ज दोनदा गेला होता. उत्तर नव्हतं. मी पाटी उचलली आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं साताऱ्याला निघाले. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची, अशी ती मोटार. तोंड काळं करून ताईसाहेबांच्या दारी पोचले.

त्या दिवशी मी खोकी बदलली नाहीत. त्यांनी सव्वादोन मागितलं, मी खरं सव्वादोन काढलं. दाबत दाबत पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आणली आणि थांबले. ना वर, ना खाली.

“अगं आई गं! अशी काय गं आज?” ताईसाहेब कळवळल्या.

“हात ताठ धरलाय तुम्ही. काहीतरी बोलत राहिलं पाहिजे. मी बोलते.” आणि मी शंकरची सगळी हकीकत सांगितली. पलटणीचा नंबर, गावचं नाव, सगळं. “रावसाहेब वरती चौकशी करतील का?”

“करतील, करतील. आधी ही काढ!”

“आत्ताच हाक मारता का? म्हणजे हात ढिला सुटेल.”

रावसाहेब पेपर हातात घेऊन बाहेर आले. बायकोची अवस्था बघून त्यांनी उभ्या उभ्या त्याच पेपरच्या कडेवर नंबर लिहून घेतला. मग मी साबणाचं बोट लावलं, बांगडी काढली आणि अडीचची भरली. “बघा, सव्वादोनच बसली की नाही!” म्हटलं. ताईसाहेब पुढं वर्षभर माझ्याशी जपूनच बोलत, पण बांगड्या माझ्याकडूनच भरत.

तिसऱ्या आठवड्यात कचेरीचा कागद आला. शंकर जिवंत होता. हिवतापानं लष्करी दवाखान्यात होता. पत्र का नव्हतं? याला लिहिता येत नसे. लिहून देणारा गडी दुसरीकडं बदलून गेला, आणि बायकोला काय लिहायचं ते परक्या माणसाला सांगायची याला लाज वाटली. लाज! पाच महिने! मी तर त्याला दोन मनगटांत चार डझन भरल्या असत्या.

कागद वाचून दाखवला तेव्हा वाडीतल्यांना वाटलं, हौसा आता टुणकन उठून नाचेल. तसं काही झालं नाही. एकोणचाळीसचे अडतीस झाले, महिन्यानं पस्तीस. परत एकतीस कधी झाले नाहीत. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. पण ती भाकरी चावू लागली आणि आपल्या पायांनी परसात जाऊ लागली.

माळ ओवायचं काम बायजाक्कानं स्वतःकडं घेतलं. दर सोमवारी एक सोडून पुन्हा बांधायची, मगच दुसरीला हात लावायची. विधवेनं सवाष्णीचं लेणं बांधू नये म्हणून कुणीतरी कुजबुजलं, तर म्हातारीनं तिला असा काही आवाज दिला की ती बाई माहेरी निघून गेली म्हणतात. वाडीत ‘बरी हायस का’ विचारायची चाल जाऊन “आज किती मणी?” असं विचारू लागले. मणी वाढले की बायजाक्का कारण हुडकायची. बऱ्याचदा सापडायचं, भांडण, जागरण, उपास. कधी काहीच कारण नसायचं, दुखणं आपल्या मर्जीनं वर यायचं. पण कारणावाचून बसणं म्हातारीला जमत नसे. मग शेजारणीची कोंबडी, आभाळ, किंवा माझी बडबड, यातल्या एकावर आळ यायचा.

लढाई संपली, शंकर घरी आला. मिशा वाढलेल्या, बूट करकरणारे. वाडीनं मला हिरवा चुडा घेऊन बोलावलं. हौसा आनंदानं चार दिवस झोपली नव्हती, आणि मणी झाले होते छत्तीस. म्हणजे रखवालदाराला आनंदही सोसवत नाही. चुडा तसाच पाटीत परत आणला.

पण खरी गंमत पुढंच झाली. शंकरला फौजेत ओरडून बोलायची सवय लागलेली. मीठ मागायचं तरी परेडला हुकूम सोडल्यासारखं. बैल दचकत. मी आठ दिवसांनी गेले तेव्हा तो आईवर डाफरत होता, “च्या कवा मिळनार हाय ह्या घरात?” हौसा चुलीपुढं मान खाली घालून बसलेली, दोन्ही हात पदराखाली.

बायजाक्का उठली. हौसाच्या एका हातातली माळ सोडली आणि लेकापुढं धरली.

“मोज.”

“काय हाय ह्ये?”

“फौजंत मोजाय शिकवलंय न्हवं? मोज.”

त्यानं मोजले. “येक्केचाळीस.”

“तू आलास तवा छत्तीस व्हतं,” बायजाक्का म्हणाली. “जपान्याला जमलं न्हाई ते तू आठ दिवसांत केलंस. वरडायचं असंल तर इहिरीवर जा.”

शंकरनं माळ आईच्या हातात परत दिली. मग बूट काढले, दाराबाहेर ठेवले आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसला. त्यानंतर विहिरीवरनं अधूनमधून मोठ्यानं आवाज यायचे. वाडीतले म्हणत, शंकऱ्या पंपाला हुकूम देतोय.

दोनेक वर्षांनी तो माझ्या दुकानात आला. हलक्या आवाजात म्हणाला, “मावशी, तसलं हिरवं मणी हायत का? चार द्या.”

मी लगेच विचारलं, “वाढले का रे?”

“न्हाई, न्हाई. चौतीसच हायत. खिशात असावं म्हून. रानात असताना कवा हात भरून आला, तर तितंच सैल करून देता येतंय.” आणि त्यानं तंबाखूची चंची उघडून दाखवली. कोपऱ्यात आधीचे दोन मणी, तंबाखूनं माखलेले.

मी थैली काढली. त्यानं एक मणी चिमटीत धरून उजेडाकडं केला, फिरवला, आणि माझ्याकडं बघून मिशीत हसला.

“मिरजंचं न्हवं का?”

“मिरजेचेच,” मी म्हटलं.

“बर्मात बाजारात ढिगानं असायचं ह्ये. जपान्याचं. म्या आल्या दिवशीच वळखलं.” त्यानं चारी मणी चंचीत टाकले आणि जाता जाता पायरीवर थांबला. “मावशी, हौसाला बोलू नगा बरं का. उगंच दोन वाढायचं.”